‘इन कॅमेरा’ सुनावणीत कॅमेरा का नसतो: लॅटिन ‘कामेरा’ आणि त्याची वंशावळ

विधीच्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न असा आहे. मराठी वर्तमानपत्रांत ‘इन कॅमेरा सुनावणी’ असे येते तेव्हा पक्षकार, वकील आणि न्यायाधीश यांच्याखेरीज कोणालाही आत प्रवेश नसतो. परंतु त्याच वर्तमानपत्रांत ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’ असे येते तेव्हा त्या शवविच्छेदनाचे चित्रीकरण केलेले असते. एकाच शब्दप्रयोगाचे हे दोन जवळजवळ विरुद्ध अर्थ कसे झाले, आणि चेंबर, कॉम्रेड व हिंदीतील कमरा हे शब्द कॅमेऱ्याचे नातलग आहेत असे जे म्हटले जाते त्यात तथ्य किती?

आधी पहिल्या भागाचे उत्तर. ‘इन कॅमेरा’ हा इंग्रजी नव्हे, लॅटिन प्रयोग आहे, आणि त्यातील ‘कामेरा’ म्हणजे खोली. न्यायाधीशाची खासगी खोली. उघड्या न्यायालयात न चालवता त्या खोलीत चालवलेले कामकाज ते ‘इन कामेरा’. आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 327 मध्ये 1983 च्या दुरुस्तीने जे दुसरे पोटकलम आले, त्यानुसार बलात्काराच्या खटल्याची चौकशी व सुनावणी ‘इन कॅमेरा’ व्हावी असे ठरले, आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम 366 मध्ये आहे. शवविच्छेदनाच्या बातमीतील ‘इन कॅमेरा’ हा मात्र छायाचित्रणाचे यंत्र डोळ्यांपुढे ठेवून घडवलेला नवा देशी अर्थ आहे. तो चुकीच्या समजातून जन्मला हे खरे. पण बातमीदार, पोलीस आणि वाचक हे तिघेही त्याचा एकच अर्थ घेत असल्यामुळे तो आता रूढ झाला आहे, आणि रूढ शब्दाशी भांडण्यात मला फारसे हशील दिसत नाही. माझा आग्रह एवढाच आहे की न्यायालयीन मजकुराचा अनुवाद करताना ‘बंद दालनात सुनावणी’ असे लिहावे आणि दुसऱ्या ठिकाणी ‘चित्रीकरणासह शवविच्छेदन’ असे लिहावे, म्हणजे वाचकाला अर्थ संदर्भावरून ओळखत बसावे लागणार नाही.

दुसऱ्या भागाचे उत्तर ‘होय, हे सारे एकाच घरातले आहेत’ असे आहे. मात्र ते घर समजून घ्यायचे तर खोलीच्याही मागे जावे लागते. ग्रीक ‘कमारा’ या शब्दाचा अर्थ खोली नव्हता. त्याचा अर्थ होता वरून वळून येणारे आच्छादन, म्हणजे कमानदार छत किंवा तसे छत असलेली कोणतीही वस्तू. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने बॅबिलोनच्या श्रीमंत स्त्रियांविषयी लिहिताना त्या ज्या झाकलेल्या गाड्यांतून मंदिरात जात त्यांना हाच शब्द वापरला आहे. पुढे रोमन इतिहासकार टॅसिटस इसवी सन 69 मधील, काळ्या समुद्राकाठच्या पोंटस प्रदेशातील बंडाची हकीकत सांगताना त्या समुद्रावरील ‘कामारा’ नावाच्या होड्यांचे वर्णन करतो: वर अरुंद, पोटात रुंद, धातूचा खिळा न वापरता बांधलेल्या या होड्यांच्या कडांवर समुद्र खवळला की फळ्यांमागून फळ्या चढवत जात, आणि शेवटी त्या छपरासारख्या मिटून जात. गाडी काय आणि होडी काय, दोन्हीत समान आहे ते वरून मिटणारे छप्पर.

लॅटिनने हा शब्द ग्रीकांकडून घेतला तो याच अर्थाने, आणि अभिजात लॅटिनमध्ये ‘कामेरा’ म्हणजे मुख्यतः घुमटाकार छत. व्हिट्रुव्हियस हा वास्तुतज्ज्ञ आपल्या सातव्या खंडात असे छत कसे करावे याची कृतीच देतो: लाकडी पट्ट्या कमानीच्या आकारात बसवाव्यात, त्यांना खालून बोरू दोरीने बांधावेत आणि त्यावर चुन्याचा गिलावा चढवावा, लाकूड सुरूचे, म्हणजे सायप्रसचे, घ्यावे, कारण ते लवकर कुजत नाही. रोमन इतिहासकार सॅलस्टने रोममधील तुल्लियानुम या कारागृहाचे जे वर्णन केले आहे त्यातही हा शब्द येतो. इसवी सनपूर्व 63 मध्ये कॅटिलिना या रोमन सरदाराने रचलेल्या सत्ता उलथवण्याच्या कटातील माणसांना जेथे गळा आवळून मारले, ती जमिनीखालची जागा चहूबाजूंनी भिंतींनी आणि वरून दगडी कमानींच्या ‘कामेरा’ने बंदिस्त होती असे तो सांगतो. इसवी सन 59 मध्ये सम्राट नीरोने आईला मारण्यासाठी जी कोसळणारी बोट तयार करवली, तिच्या कक्षाच्या कोसळणाऱ्या छतालाही रोमन चरित्रकार सुइटोनियसने हाच शब्द योजला आहे. या तिन्ही उदाहरणांत शब्द छताचा आहे, खोलीचा नाही. जुने लॅटिन वाचताना हा भेद विसरला की वाक्याचा अर्थ बिघडतो, आणि असे बिघडलेले अनुवाद मी पुष्कळ पाहिले आहेत.

छताचा शब्द खोलीला लागू होणे ही मराठी वाचकाला नवलाची गोष्ट वाटू नये. ‘खण’ म्हणजे मुळात दोन तुळयांमधले अंतर. परंतु जुन्या पुण्यात ‘तीन खणांची जागा’ म्हटले की ऐकणाऱ्याला तुळया दिसत नसत, राहण्याची जागा दिसे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कामेरा’चे नेमके हेच झाले. छत मागे पडले, त्याखालची बंदिस्त जागा पुढे आली, आणि हा शब्द याच अर्थाने युरोपभर पसरला. मूळ अर्थ काही कोपऱ्यांत तेवढा टिकला. ग्रीक भाषेत आजही ‘कमारा’ म्हणजे कमान, आणि थेस्सालोनिकी शहरातील गॅलेरियस सम्राटाच्या विजयकमानीला तेथील लोक नुसते ‘कमारा’ म्हणतात. त्याच भाषेत पहिल्या अक्षरावर आघात दिला की ‘कामरा’ म्हणजे खोली. आपल्याच शब्दाचे परदेशात बदललेले रूप ग्रीकांनी अशा रीतीने परत घेतले. लॅटिनशी वंशाचे कसलेही नाते नसलेल्या, स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरील बास्क भाषेत ‘गानबारा’ म्हणजे घराचा माळा. तेथे शब्द खोलीत उतरला खरा, पण उतरला तो छपराच्या अगदी लगतच्या खोलीत.

या शब्दाच्या रूपांकडे पाहिले तर तो कोणत्या वाटेने कोठे गेला हे बऱ्यापैकी कळते. बोलीत लोक ‘कामेरा’ऐवजी ‘काम्मारा’ म्हणत असावेत, कारण शुद्धाशुद्ध शब्दांची जी एक जुनी लॅटिन यादी उपलब्ध आहे, तिच्या अनाम कर्त्याने हा ‘अपभ्रंश’ मुद्दाम नोंदवून तो टाळण्यास सांगितले आहे. ज्या चुकीबद्दल व्याकरणकार ओरडतो ती चूक सर्रास होत असते, एवढे अनुमान निर्धोक असते. स्पॅनिश ‘कामारा’, पोर्तुगीज ‘कमरा’ आणि रोमानियन ‘कमारं’ ही त्या बोलीतील रूपाची वारस आहेत. इटालियन ‘कामेरा’ने मात्र व्याकरणकाराची मर्जी राखली. रोमानियनमध्ये तर एकाच शब्दाच्या दोन पिढ्या शेजारी शेजारी राहतात: जुना, घरगुती ‘कमारं’ म्हणजे धान्य-लोणच्यांची कोठीची खोली, आणि नंतर पुस्तकी मार्गाने आलेला ‘कामेरं’ म्हणजे राहण्याची खोली किंवा संसदेचे सभागृह. हंगेरियन भाषेतही ‘कामरा’ ही कोठी आणि ‘कामारा’ ही व्यापाऱ्यांची किंवा वकिलांची संस्था, असेच वाटप झाले आहे. तोंडोतोंडी आलेला शब्द स्वयंपाकघराजवळ राहतो आणि लेखणीने आलेला कचेरीत जाऊन बसतो, हे मला या भाषांत पुन्हा पुन्हा आढळले आहे.

फ्रेंचमध्ये सर्वांत मोठी उलथापालथ झाली. ‘आ’पूर्वीचा ‘क’ त्या प्रदेशात ‘च’ झाला, मधला अनाघात स्वर गळाला, ‘म’ आणि ‘र’ एकमेकांना भिडले, आणि त्या दोघांच्या मध्ये ‘ब’ शिरला. ओठ मिटून म्हटलेल्या ‘म’वरून थेट ‘र’वर जाताना ओठ उघडतात त्या क्षणी हा ‘ब’ आपोआप उमटतो. मराठी माणसाला याचे पुरावे बाहेर शोधावे लागत नाहीत, कारण संस्कृत ‘आम्र’ प्राकृतात ‘अंब’ होऊन आपल्याकडे ‘आंबा’ झाला आणि ‘ताम्र’चे ‘तांबे’ झाले ते याच कारणाने. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा उच्चार ‘चांब्र’ असा होता. नॉर्मन राजवटीनंतर तो इंग्रजीत गेला तेव्हा आरंभीचा ‘च’ घेऊन गेला. फ्रेंचांनी पुढे तेराव्या शतकाच्या सुमारास ‘च’चा ‘श’ केला आणि आजचा ‘शांब्र’ सिद्ध झाला. म्हणजे मुंबईतील वकील ज्याला ‘चेंबर’ म्हणतो त्या शब्दात मध्ययुगीन फ्रेंचचा तो ‘च’ अजून शाबूत आहे, आणि पॅरिसमधील वकिलाच्या तोंडी तो उरलेला नाही. नॉर्मन लोकांबरोबरच हा शब्द आयर्लंडला पोहोचला आणि आयरिशमध्ये ‘शोमरा’ झाला. तेथे आजही खोलीसाठी तोच रोजचा शब्द आहे. जर्मन भाषिकांनी मात्र लॅटिन ‘क’ अजून ‘क’च होता त्या काळी हा शब्द उचलला, म्हणून जर्मन ‘कामर’ आणि डच ‘कामर’ यांत कोठेही ‘च’ नाही.

आता अर्थांकडे वळतो, आणि येथे माझे मत थोडे आग्रहाने मांडतो. या शब्दाविषयी बोलताना बहुतेक लोक छायाचित्रणाच्या यंत्राला केंद्र मानतात आणि बाकीचे अर्थ त्याच्याभोवती फिरवतात. वस्तुतः यंत्र हे या कथेतील उशिरा आलेले पात्र आहे. सगळ्या वाटा जेथून फुटल्या ते ठिकाण म्हणजे मध्ययुगीन राजाची निजण्याची खोली. त्या काळी राज्याची तिजोरी, वस्त्रे, दागिने आणि महत्त्वाचे कागद राजाच्या शेजघरातच किंवा त्याच्या लगत ठेवले जात, कारण सर्वांत कडक पहारा तेथेच असे. रीम्सचा आर्चबिशप हिंकमार याने 882 मध्ये फ्रँकिश, म्हणजे फ्रँक या जर्मानिक लोकांच्या, राजवाड्याच्या व्यवस्थेविषयी लिहिताना स्पष्ट सांगितले आहे की वाड्याची शोभा आणि सरदारांना दरवर्षी द्यायच्या देणग्या यांचा कारभार राणीकडे आणि तिच्या हाताखाली ‘कामेरारियुस’कडे, म्हणजे खोलीच्या अधिकाऱ्याकडे असे. शेजघराचा राखणदार अशा प्रकारे खजिनदार झाला. आपल्याकडे संस्थानिकांच्या आणि सरदारांच्या दप्तरांत ‘खासगी’ म्हणून जे वेगळे खाते असे, होळकरांची खासगी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण, त्याच्याशी या ‘कामेरा’चे नाते अर्थाने फार जवळचे आहे: मालकाच्या आतल्या दालनाचा पैसा, आणि त्यावरून त्या पैशाची कचेरी.

एकदा ‘खोली’ म्हणजे ‘खजिना’ झाल्यावर पुढच्या शब्दांची रांगच लागली. पोपच्या दरबारी अकराव्या शतकापासून अर्थकारभार पाहणाऱ्या कचेरीला ‘कामेरा आपोस्तोलिका’ म्हणत, आणि तिचा प्रमुख तो ‘कामेर्लेंगो’. पोपचे पद रिकामे असताना दैनंदिन कारभार सांभाळण्याचे काम आजही त्याच्याकडे असते. 21 एप्रिल 2025 रोजी पोप फ्रान्सिस यांच्या निधनाची घोषणा करणारे कार्डिनल केविन फॅरेल हे याच पदावर होते. ‘कामेर्लेंगो’ हा शब्द दिसायला इटालियन असला तरी त्याचे शेपूट जर्मानिक आहे: लॅटिन खोलीला फ्रँकिश ‘-लिंग’ हा प्रत्यय लागला, तो शब्द फ्रेंच आणि इटालियन या दोन्हींत शिरला, आणि त्याचाच इंग्रजी भाऊ म्हणजे ‘चेंबरलेन’. जर्मनीत नगरपालिकेच्या खजिनदाराला अजून ‘केमरर’ म्हणतात आणि स्वीडिशमध्ये ‘कामरेर’ म्हणजे लेखापाल. प्रशियाच्या फ्रीडरिख विल्हेल्म पहिल्याने 1727 मध्ये हाले आणि ओडरकाठचे फ्रांकफुर्ट येथील विद्यापीठांत राज्यकारभार व अर्थव्यवहार यांच्या अध्यापनासाठी जी अध्यासने स्थापन केली, त्या विद्येचे नावच ‘कामेराल-विज्ञान’ असे होते, म्हणजे राजाच्या खोलीचे शास्त्र. रशियाने जर्मन दरबारी पदव्या जशाच्या तशा उचलल्या, आणि 1833 च्या अखेरीस पहिल्या निकोलसने कवी पुश्किनला ‘कामर-युंकर’ केले. ही पदवी कोवळ्या दरबारी तरुणांना देण्याची होती आणि पुश्किन तेव्हा चौतिशीत होता, त्यामुळे तो विलक्षण चिडला.

खजिन्याच्या शेजारी दुसरी वाट फुटली ती सभेची. राजाच्या आतल्या खोलीत बसून सल्ला देणारे, न्याय करणारे किंवा हिशेब तपासणारे लोक यांनाच ‘खोली’ म्हणू लागले. इंग्लंडच्या वेस्टमिन्स्टर राजवाड्यातील ‘स्टार चेंबर’ हे न्यायासन इतके बदनाम झाले की 1641 मध्ये संसदेने ते बंद केले. फ्रान्समध्ये मशालींच्या उजेडात चालणाऱ्या खास न्यायालयाला ‘जळती खोली’ अशा अर्थाचे ‘शांब्र आर्दांत’ हे नाव होते, आणि चौदाव्या लुईच्या काळी विषप्रयोगांच्या प्रकरणासाठी 1679 मध्ये असेच न्यायालय बसवले गेले. व्यापाऱ्यांची पहिली ‘शांब्र द कोमेर्स’ मार्सेय येथे 1599 मध्ये स्थापन झाली. तोच शब्द इंग्रजीच्या द्वारे आपल्याकडे आला तो 1836 च्या बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्समध्ये आणि 1934 मध्ये पुण्यात निघालेल्या मराठा चेंबरमध्ये. 1602 मध्ये स्थापन झालेली डच ईस्ट इंडिया कंपनी सहा शहरांच्या सहा ‘कामर’ मिळून बनली होती; वेंगुर्ल्याला ज्या कंपनीची वखार होती ती हीच. इटलीची ‘कामेरा देई देपुताती’, नेदरलँड्सची ‘ट्वेडे कामर’ आणि 1949 पासून 1990 पर्यंत पूर्व जर्मनीत असलेली ‘फोल्क्सकामर’ ही सगळी संसदेच्या सभागृहांची नावे आहेत. महाराष्ट्रात विधानसभा आणि विधानपरिषद अशी दोन सभागृहे आहेत म्हणून आपल्या विधिमंडळाला इंग्रजीत जे ‘बायकॅमेरल’ विशेषण लागते, त्याच्या पोटातही हीच कामेरा आहे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत प्रत्येक तालुक्याची ‘कमरा मुनिसिपाल’ असे, आणि पोर्तुगालमध्ये आजही नगरपालिका म्हणजे ‘कमरा’च.

राजाच्या शेजघराभोवती कानगोष्टी करणारे टोळके जमते हे सांगायला नको. स्पेनचा सातवा फर्दिनांद 1814 मध्ये गादीवर परतल्यावर मंत्र्यांपेक्षा ज्यांचे अधिक ऐकू लागला, त्या मर्जीतल्या लोकांना ‘कामारिया’, म्हणजे ‘छोटी खोली’, असे नाव पडले, आणि ते इतके चपखल ठरले की फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी राजकारणाने ते तसेच उचलले. संगीतातील वाट याहून निर्मळ आहे. चर्चमध्ये वाजवण्याचा तो ‘सोनाता दा किएझा’ आणि दरबारी दालनात वाजवण्याचा तो ‘सोनाता दा कामेरा’ असा भेद सतराव्या शतकात रूढ होता, आणि इटालियन संगीतकार कोरेल्लीने 1685 मध्ये दुसऱ्या प्रकारच्या रचनांचा संग्रह प्रसिद्ध केला. ‘चेंबर म्युझिक’ ही संज्ञा त्याच परंपरेतली आहे.

कॉम्रेडची कथा सैनिकांच्या खोलीत घडते. सोळाव्या शतकातील स्पॅनिश सैन्यात एका खोलीत झोपणाऱ्या तुकडीला ‘कामारादा’ म्हणत. हे समूहवाचक स्त्रीलिंगी नाम होते. पुढे त्या समूहातील एकेका शिपायाला ते लागू लागले. समूहाचा शब्द एका व्यक्तीवर येण्याचा हा प्रकार भाषांना आवडतो असे दिसते. जर्मन ‘फ्राउएनत्सिमर’ म्हणजे आधी राणीवशाचे दालन, मग त्यातील स्त्रिया आणि शेवटी कोणतीही एक बाई. आणि आपल्याकडे जुन्या पिढीतला नवरा ‘आमची मंडळी’ किंवा ‘आमचं कुटुंब’ म्हणे तेव्हा त्याच्या मनात एकच व्यक्ती असे. स्पॅनिशमधून हा शब्द फ्रेंचमध्ये ‘कामाराद’, जर्मनमध्ये ‘कामेराद’ आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत ‘कॉम्रेड’ झाला. पहिल्या महायुद्धात शरण येणारे जर्मन सैनिक हात वर करून ‘कामेराद’ असे ओरडत.

राजकारणात या शब्दाने घेतलेली वळणे मात्र फार विचित्र आहेत, आणि अनुवादकाने ती जाणली नाहीत तर अनर्थ होतो. इटलीत फॅसिस्ट परस्परांना ‘कामेराता’ म्हणत, त्यामुळे तेथील साम्यवादी त्या शब्दाला शिवत नाहीत; ते ‘कोंपान्यो’ म्हणतात, ज्याचा मूळ अर्थ एकत्र भाकरी खाणारा असा आहे. जर्मन समाजवाद्यांचा शब्द ‘गेनोसं’ आणि रशियनांचा ‘तोवारिश’. दोहोंचा कामेराशी काही संबंध नाही. स्पेनमध्ये साम्यवादीही ‘कामारादा’ म्हणत आणि त्यांचे कट्टर शत्रू असलेले फलांखे या फॅसिस्ट पक्षाचे लोकही. इंग्रजीत या सगळ्यांना मिळून ‘कॉम्रेड’ हा एकच शब्द वापरला गेला, आणि मराठीत कॉम्रेड डांगे म्हणताना आपण घेतला तो इंग्रजीचा शब्द. इटालियन मजकुरातील ‘कामेराता’ला मराठीत ‘कॉम्रेड’ केले, तर वाचक त्या माणसाला नेमक्या उलट पक्षात नेऊन बसवील.

आता यंत्र. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र असले की बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे पडते, हे अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथमने अकराव्या शतकात प्रयोगांनी तपासले होते. परंतु त्या खोलीला ‘कामेरा ओब्स्कुरा’, म्हणजे अंधारी खोली, हे नाव जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानेस केपलरने 1604 मध्ये दिले. आधी ती खरोखरच खोली होती, मग तंबू झाली, मग चित्रकाराने काखेत मारून नेण्याजोगी पेटी झाली. 1806 मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ वोलस्टनने ज्या उपकरणाचे पेटंट घेतले त्यात ना खोली होती ना पेटी, केवळ एक लोलक आणि त्याला धरणारी दांडी. तरी त्याला ‘कामेरा ल्युसिडा’, उजेडाची खोली, असे म्हटले गेले, यावरून तोवर शब्दातील ‘खोली’ किती विरली होती हे दिसते. 1839 मध्ये दागेर या फ्रेंच माणसाची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाल्यावर इंग्रजीने ‘ओब्स्कुरा’ हे विशेषण टाकून दिले आणि नुसता ‘कॅमेरा’ ठेवला. युरोपातील बाकी भाषांना हे तितकेसे मानवले नाही, कारण त्यांच्याकडे हा शब्द आधीच घरात वावरत होता. इटालियन माणूस छायाचित्रे ‘माक्किना फोतोग्राफिका’ने काढतो, आणि हॉटेलात जाऊन त्याने ‘कामेरा’ मागितला तर त्याला खोलीची किल्ली मिळते. फ्रेंचमध्ये स्थिर छायाचित्राचे ते ‘आपारेय’ आणि चलच्चित्राचा तो ‘कामेरा’. पोलिश भाषेतही अशीच वाटणी आहे. रशियन ‘कामेरा’चा अर्थ तर संदर्भावाचून सांगताच येत नाही: चित्रीकरणाचे यंत्र, तुरुंगातील कोठडी, स्थानकावरील सामान ठेवण्याची जागा आणि सायकलच्या चाकातील ट्यूब, या सर्वांना तो चालतो.

म्हणूनच ऑक्सफर्डमधील ‘रॅडक्लिफ कॅमेरा’ या 1749 मध्ये उघडलेल्या गोल, घुमटाकार वाचनालयाच्या नावात छायाचित्रणाचा वास शोधू नये. आणि इटलीतील मान्तुआच्या राजवाड्यातील, चित्रकार मान्तेन्याने 1474 मध्ये पूर्ण केलेली ‘कामेरा देल्यी स्पोझी’ ही नवरा-बायकोची खोली आहे. योगायोग असा की या दोन्ही ठिकाणी पाहण्यासारखे जे आहे ते वरचे छत आहे.

भारतात हा शब्द निदान दोन वेगवेगळ्या दारांनी आला. पोर्तुगीजांकडून ‘कमरा’ आला, आणि पोर्तुगीज उच्चारातील पहिला स्वर आपल्या ‘अ’च्या अगदी जवळचा असल्यामुळे तो हिंदीत व बंगालीत सहज रुळला, मराठीत ‘खोली’ने त्याला फारशी जागा दिली नाही. इंग्रजीकडून ‘चेंबर’, ‘कॅमेरा’, ‘कॉम्रेड’ आणि न्यायालयीन ‘इन कॅमेरा’ असे निरनिराळ्या काळी आले. यांतला ‘चेंबर’ आपण रस्त्यावर नेऊन सोडला. वकिलाचे चेंबर आणि नरिमन पॉइंटवरील मेकर चेंबर्स हे इंग्रजी वळणाचे प्रयोग झाले. पण ‘चेंबर तुंबलाय’ किंवा ‘चेंबरचं झाकण चोरीला गेलं’ असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा त्याला सांडपाण्याच्या वाहिनीवरील तपासणीची हौदी अभिप्रेत असते. स्थापत्य अभियंत्यांच्या ‘इन्स्पेक्शन चेंबर’चे हे लोकांनी केलेले छोटे रूप आहे.

शेवटी काही तोतया नातलगांविषयी, कारण असल्या शब्दांच्या मागे लागले की माणसाला सगळीकडे आप्त दिसू लागतात. कॅमेरून या देशाचे नाव पोर्तुगीज ‘कमरांव’, म्हणजे कोळंबी, यावरून आले. खलाशांना तेथील नदीत ती विपुल आढळली, आणि त्या शब्दाचे मूळ लॅटिन ‘काम्मारुस’ हे वेगळे आहे. स्पॅनिश ‘कामा’ म्हणजे पलंग. तो खोलीतच असतो, तरी त्याचा शब्द कामेरापासून निघालेला नाही. रशियन ‘कोम्नाता’ म्हणजे खोली, परंतु ती लॅटिन ‘कामिनाता’पासून, म्हणजे शेगडी असलेल्या उबदार जागेपासून आली, आणि तिची सख्खी बहीण इंग्रजी ‘चिमणी’ आहे. आपला ‘कमीज’ अरबीतून आला आणि त्याचे नाते लॅटिन ‘कामिसिया’ या अंगरख्याच्या शब्दाशी आहे. सर्वांत मोठा मोह होतो तो मराठी ‘कमान’ या शब्दाचा, कारण तेथे ध्वनीही जुळतो आणि अर्थही. परंतु ‘कमान’ आपल्याला फारसीने दिली, फारसीत तिचा अर्थ धनुष्य, आणि धनुष्याच्या वाकावरून ती दाराच्या वर चढली. ग्रीक ‘कमारा’शी तिची देवघेव झाल्याचा पुरावा नाही. कमरपट्ट्यातल्या ‘कमर’चे मूळ असलेल्या अवेस्तन या प्राचीन इराणी भाषेतील ‘कमरा’ या शब्दाचा अर्थ कंबरेचा पट्टा असा आहे, आणि काही जुन्या अभ्यासकांनी त्याला आणि ग्रीक शब्दाला ‘वाकणे’ अशा अर्थाच्या एकाच प्राचीन धातूवर बसवले होते. आजचे कोशकार ही जोडणी सावधपणेच देतात, आणि ग्रीक शब्द ग्रीकपूर्व एखाद्या भाषेतून आला असण्याची शक्यताही त्यांतील काही जण मांडतात.